जुना खांब काढताना

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं. घरातला एक खांब काढायचा आहे. किती वेळ लागेल?

"त्यात काय गुरुजी! कुऱ्हाडीचे चार घाव, की झालं!" असं तुमच्यातला एखादा वीर नक्की म्हणेल. पण थांबा हं. उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

आमच्या झरीकडे, म्हणजे तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात, जुन्या पद्धतीचं घर लाकडी खांबांवर उभं असतं. भिंती कारवीच्या कुडाच्या. त्यांवर शेणमातीचा गिलावा. भिंत फक्त आडोसा करते, छपराचा भार खांबच घेतात. आता यातल्या एका खांबाला वाळवी लागली, तो आतून पोकळ झाला, तर तो बदलायलाच हवा. पण त्याच खांबाला कुडाच्या कामट्या बांधलेल्या असतात. वरचं आडवं लाकूड त्याच्यावर टेकलेलं असतं. शिंकं त्यालाच, दिव्याची वायर त्यालाच आणि बाळाच्या झोळीचा दोरही त्यालाच! खांब नुसता उभा असतो तोवर यातलं काहीच डोळ्यांत भरत नाही. तो हलवला की मात्र एकेक गाठ दिसू लागते. म्हणून जाणती माणसं आधी टेकू लावतात, बांधलेलं सोडवतात, नवा खांब रोवतात, आणि मग सगळं पुन्हा नीट बांधतात.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या पानावर आज घरबांधणी कशी काय आली? आली खरी! कारण संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही असे खांब असतात. जुना खांब काढला की तिथेही आरडाओरडा होतो. त्या आरडाओरड्याला प्रोग्रॅमर लोक 'बिल्ड एरर' म्हणतात. आज त्याचीच गोष्ट पाहू या.

बिल्ड म्हणजे काय?

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस आपल्याला वाचता येईल अशा भाषेत सूचना लिहितो. संगणकाच्या यंत्राला ती भाषा थेट कळत नाही. मग 'कंपायलर' नावाचा एक दुभाषा त्या सूचनांचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. मोठ्या प्रोग्रॅमचे शेकडो तुकडे असतात. ते सगळे तुकडे 'लिंकर' एकत्र जोडतो. सगळं जमलं की चालणारा प्रोग्रॅम तयार! या पूर्ण कामाला 'बिल्ड' म्हणायचं, म्हणजे बांधणी.

पण कोणताही प्रोग्रॅमर सगळं स्वतः लिहीत बसत नाही. घर बांधणारा खिळे स्वतः घडवतो का? नाही ना? बाजारातून आणतो. तसे प्रोग्रॅमरही इतरांनी लिहिलेले तयार भाग वापरतात. माहिती साठवण्यासाठी एक, चित्रं दाखवण्यासाठी दुसरा, बेरजा-वजाबाक्यांसाठी तिसरा. अशा तयार भागाला 'लायब्ररी' म्हणतात. आपला प्रोग्रॅम ज्या भागांवर टेकून उभा असतो, ती त्याची 'अवलंबनं'.

टेकू किती लहान असावा आणि किती मोठं घर पाडावं, याची एक खरी गोष्ट सांगतो. २२ मार्च २०१६ चा दिवस. 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा एक तयार भाग होता. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे हव्या तितक्या मोकळ्या जागा किंवा शून्यं घालायची. म्हणजे ७ चं ००७ करायचं. नावावरून झालेल्या एका वादात त्याच्या लेखकाने आपले सगळे भाग सार्वजनिक साठ्यातून काढून घेतले. त्यांत हाही गेला. झालं! जगभरच्या हजारो प्रोग्रॅमांची बांधणी एकदम बंद पडली. त्यांतल्या कितीतरी प्रोग्रॅमरांना आपण लेफ्ट-पॅड वापरतो हे माहीतच नव्हतं. त्यांनी घेतलेल्या भागाने दुसरा भाग घेतला होता, दुसऱ्याने तिसरा, आणि तिसऱ्याने हा! सुमारे अडीच तासांनी तो भाग परत ठेवला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

एका जुन्या डेटाबेसची गोष्ट

लेफ्ट-पॅड अचानक गेला. पण पुष्कळदा खांब मुद्दाम, विचार करून काढावा लागतो. त्याचंही एक खरं उदाहरण आहे.

'डेटाबेस' हा शब्द आपल्या पानाच्या वाचकांना नवा नाही. शाळेतलं जनरल रजिस्टर आठवा. प्रत्येक मुलाला एक क्रमांक, त्यापुढे नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाची तारीख. क्रमांक सांगा, नोंद मिळेल. संगणकातल्या अशा नोंदवहीला डेटाबेस म्हणतात.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत अशी एक छान नोंदवही तयार झाली. तिचं नाव 'बर्कली डीबी'. लहान, चपळ आणि फुकट. तिची देखभाल करायला १९९६ मध्ये 'स्लीपीकॅट' नावाची कंपनी निघाली. स्लीपीकॅट म्हणजे झोपाळू मांजर, बरं का! ही नोंदवही असंख्य प्रोग्रॅमांनी आपल्या पोटात घेतली. लिनक्स वापरणाऱ्यांपैकी अनेकांकडे 'आरपीएम' नावाचा प्रोग्रॅम असतो. संगणकावर कोणकोणते प्रोग्रॅम बसवले आहेत, त्यांच्या कोणत्या फाइली कुठे आहेत, याचा हिशेब तो ठेवतो. हा हिशेबही वर्षानुवर्षं बर्कली डीबीतच लिहिला जात होता.

पुढे काय झालं? २००६ मध्ये 'ओरॅकल' या मोठ्या कंपनीने स्लीपीकॅट विकत घेतली. २०१३ मध्ये बर्कली डीबीच्या नव्या आवृत्तीला नवा परवाना लावला. त्याच्या अटी आरपीएमसारख्या प्रोग्रॅमांच्या परवान्याशी जुळेनात. म्हणून 'फेडोरा' या लिनक्सने जुनीच ५.३ ही आवृत्ती चालू ठेवली. पण तिच्याकडे तिच्या मूळ कर्त्यांचं लक्ष उरलं नाही. त्यातून आरपीएमची ती नोंदवही अधूनमधून बिघडायची ती बिघडायचीच. बाहेरून खांब ठीक दिसत होता, आत वाळवी लागली होती.

शेवटी आरपीएमच्या मंडळींनी खांब बदलायचं ठरवलं. नवा खांब म्हणून 'एसक्यूलाइट' निवडली. रिचर्ड हिप या अमेरिकन माणसाने ती २००० साली लिहिली. आज ती जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. म्हणजे तुमच्या बाबांच्या खिशातसुद्धा! २०५० सालापर्यंत ती सांभाळायचा तिच्या कर्त्यांचा मानस आहे. तेव्हा तुम्ही पस्तिशी-चाळिशीत असाल, विचार करा! २०२० च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या फेडोरा ३३ मध्ये ही अदलाबदल झाली.

फेडोरामागे असलेल्या 'रेड हॅट' कंपनीचं मोठं कार्यालय आपल्या पुण्यात आहे. पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारे 'लोहित' टंकही रेड हॅटनेच सगळ्यांसाठी मोकळे केले. म्हणजे ही गोष्ट वाटते तितकी परक्या गावची नाही.

यंत्र ओरडतं तेव्हा

आता आपण स्वतः एक खांब काढून पाहू. समजा, एका शाळेचा वाचनालयाचा प्रोग्रॅम आहे. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे ते तो सांगतो. त्याची नोंदवही बर्कली डीबीची. ती काढून एसक्यूलाइट बसवायची आहे. आपण जुनी लायब्ररी काढून टाकली आणि बांधणीची आज्ञा दिली. पडद्यावर लाल अक्षरांची रांगच रांग. एकूण ४३ चुका!

घाबरायचं नाही. गणितात ४३ चुका म्हणजे ४३ ठिकाणी चुकलं. इथे तसं नसतं. आधी फक्त *पहिली* चूक वाचायची. ती म्हणते: 'मुले' नावाच्या फाइलमध्ये, तिसऱ्या ओळीत, 'डीबी.एच' ही फाइल मागितली आहे, पण अशी फाइल इथे नाही.

डीबी.एच म्हणजे जुन्या लायब्ररीची अनुक्रमणिका. तिच्यात कोणती कामं कोणत्या नावाने मिळतात, ते लिहिलेलं असतं. अनुक्रमणिकाच हरवल्यावर खालच्या प्रत्येक ओळीत कंपायलर विचारतो, "हे नाव कोणाचं? हे काय? हे कुठलं?" म्हणजे दुखणं एक आणि कण्हणं चाळीस वेळा! ती तिसरी ओळ आणि तिच्यावर टेकलेल्या ओळी नव्या डेटाबेसप्रमाणे लिहिल्या, की ४३ च्या ६ होतात. म्हणून पहिला नियम: पहिली चूक आधी, आणि एकेक दुरुस्तीनंतर पुन्हा बांधणी.

उरलेल्या ६ चुका वेगळ्या जातीच्या निघतात. कंपायलरचं काम झालंय, आता लिंकर ओरडतोय, "मला जोडायला डीबी नावाची लायब्ररी सांगितली आहे. ती सापडत नाही." कोणी सांगितली? तर बांधणीच्या पाककृतीने! प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर कोणते तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे याची एक यादी असते. आपण घरातून गूळ काढून टाकला, पण पाककृतीत 'गूळ एक वाटी' तसंच राहिलं. दुसरा नियम: सूचना बदलल्या की यादीही बदला.

तिसरी जात लपलेली असते. आपल्या लिखाणात जुन्या डेटाबेसचं नावही उरलेलं नाही, तरी लिंकर तेच मागतो. मग समजावं, आपण घेतलेला दुसराच एखादा भाग त्याला चिकटून बसलेला आहे. आठवतो ना लेफ्ट-पॅड? अशा वेळी त्या भागाची नवी आवृत्ती आणावी लागते, किंवा जुन्या डेटाबेसशिवाय तो पुन्हा बांधावा लागतो.

चौथी गंमत तर फारच फसवी. आपल्या संगणकावर बांधणी मस्त होते आणि दुसऱ्याच्या संगणकावर अडते. कसं काय? आपल्याकडे मागच्या बांधणीचे जुने तुकडे पडून असतात. यंत्र तेच उचलून जोडतं आणि आपल्याला वाटतं, जमलं! म्हणून शेवटी सगळे जुने तुकडे पुसून, झाडून-सारवून, पहिल्यापासून बांधणी करून पाहायची. त्यात जे टिकेल तेच खरं.

सगळ्यांत वाईट चूक

मुलांनो, आता नीट ऐका. ओरडणारी चूक ही वाईट चूक नाही. ती तर आपली मैत्रीण. फाइल सांगते, ओळ सांगते, काय नाही ते सांगते. वाईट चूक असते ती गप्प बसणारी.

समजा, कंटाळून एखाद्याने ठरवलं, "ज्या ओळीवर यंत्र ओरडतं ती ओळच खोडून टाकू." एक खोडली, दोन खोडल्या, सहाही खोडल्या. लाल अक्षरं गेली. बांधणी यशस्वी! पण त्यांतली एक ओळ होती 'हे नाव नोंदवहीत लिही'. आता काय होईल? मुलगी पुस्तक नेईल, प्रोग्रॅम 'नोंद झाली' म्हणेल, आणि नोंद कुठेच नसेल. महिन्यानंतर पुस्तक कोणाकडे आहे ते कोणालाच सांगता येणार नाही.

पुस्तकाचं एक वेळ राहू द्या. पण त्या नोंदी जनरल रजिस्टरच्या असत्या तर? आमच्याकडच्या कितीतरी वारली, कोकणा, धोडिया घरांत आजोबांच्या काळचा लिहिलेला कागद म्हणजे शाळेतली एक ओळ. नाव, जन्मतारीख आणि जात. जातीचा दाखला काढायचा, तर तीच ओळ शोधत माणसं शाळेत येतात. त्या ओळीवर पुढे शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी टेकलेली असते. ती ओळ हरवली तर घराचा केवढा मोठा खांब गेला! म्हणून तिसरा नियम मी ठळक लिहितो: प्रोग्रॅममधून जुना डेटाबेस काढायचा, त्यातल्या नोंदी नाही.

आरपीएमच्या मंडळींनी हे फार शहाणपणाने केलं. जुन्या डेटाबेसमध्ये लिहिण्याची सोय त्यांनी बंद केली, पण जुनी नोंदवही *वाचू* शकेल असा एक छोटा भाग स्वतः लिहून ठेवला. तो बर्कली डीबीची लायब्ररी नसतानाही वाचतो. त्यामुळे जुना हिशेब वाचून नव्या वहीत उतरवता आला. याला म्हणतात टेकू लावून खांब काढणं!

आपल्या वाचनालयाच्या प्रोग्रॅममध्येही तसंच करायचं. आधी जुन्या नोंदवहीची प्रत काढून वेगळी ठेवायची. मग जुन्या वहीत नोंदी किती ते मोजायचं. समजा, २१२. नव्या वहीत उतरवल्यावर पुन्हा मोजायचं. २१२ च हव्यात, २११ चालणार नाहीत. मग मधल्याच पाच-दहा नोंदी काढून अक्षर न् अक्षर ताडून पाहायच्या. मराठी नावांत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार जागेवर आहेत ना? 'संगीता' ची 'सगीता' झाली, तर संख्या बरोबर आणि माणूस चूक!

ठाणे आणि पालघर

अशी एक अदलाबदल तुमच्या घरातही होऊन गेली आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी तलासरी, डहाणू हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. एका दिवसात जिल्हा बदलला, पण 'जिल्हा ठाणे' हे शब्द किती ठिकाणी टेकलेले होते बघा! पाट्यांवर, शिक्क्यांवर, छापील अर्जांवर आणि संगणकातल्या जिल्ह्यांच्या याद्यांत. प्रत्येक जागा शोधून बदलावी लागते.

पण तुमच्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा ठाणे' असेल, तर ते चूक आहे का? मुळीच नाही. तो दाखला दिला तेव्हा तेच खरं होतं. नवे अर्ज पालघरचे, जुन्या नोंदी ठाण्याच्या. दोन्ही वाचता यायला हवं. जुनं काढणं आणि जुनं पुसणं यांत फरक आहे, तो हाच.

पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून

आरपीएमला खांब बदलता आला त्याचं आणखी एक कारण आहे. त्यांनी डेटाबेसशी बोलणारा भाग बाकीच्या प्रोग्रॅमपासून वेगळा केला होता. बाकीचे भाग त्या एका भागाला म्हणायचे, "नोंद ठेव", "नोंद दे". ती कोणत्या वहीत ठेवली याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. खांबाला एक मजबूत कडी ठोकायची आणि सगळे दोर कडीला बांधायचे. खांब बदलला तरी तशीच कडी नव्या खांबाला ठोकता येते. आपल्या वाचनालयाच्या प्रोग्रॅमला खांब बदलताना ही कडी बसवून घेतली, तर वीस वर्षांनी जो कोणी तो उघडेल तो तुम्हाला दुवा देईल.

करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. वही-पेन्सिल घ्या.

१. आपल्या घरातली एक वस्तू निवडा. उदाहरणार्थ, दारातली दोरी, स्वयंपाकघरातली फळी किंवा आईचा मोबाइल. ती उद्यापासून नाही असं समजा. कोणकोणती कामं अडतील त्यांची यादी करा. नंतर घरातल्या तिघांना तोच प्रश्न विचारा. तुमच्या यादीत नसलेलं किती निघालं ते मोजा. तीच तुमची लपलेली अवलंबनं!

२. वर्गातल्या दहा मुलांची नावं आणि जन्मतारखा एका कागदावर लिहा. मित्राला त्या दुसऱ्या कागदावर वयाच्या क्रमाने उतरवायला सांगा. मग दोन्ही कागद ताडून पाहा. आधी संख्या, मग प्रत्येक अक्षर, मग प्रत्येक तारीख. किती चुका सापडल्या ते आम्हाला कळवा.

पालकांसाठी दोन शब्द

घरातल्या जुन्या कागदांच्या ट्रंकेला एकदा मुलांसमोर उघडा. शाळेचा दाखला, जुना सातबारा, जुनं रेशनकार्ड त्यांना दाखवा आणि कोणता कागद कशासाठी लागतो ते सांगा. नवीन कार्ड आलं म्हणून जुना कागद चुलीत घालू नका. फोन बदलताना आधी फोटो आणि नंबर उतरवून घ्या, मोजा, आणि मगच जुना फोन द्या. हे मुलांच्या हातून करून घ्या. पुढे त्यांच्यातलं कोणी प्रोग्रॅमर होवो न होवो, नोंद सांभाळायची सवय कुठेही उपयोगी पडते.

आणि मुलांनो, पडद्यावर लाल अक्षरांची रांग कधी दिसलीच, तर डोळे मिटू नका. वर जा, पहिली ओळ शोधा, आणि शांतपणे वाचा. यंत्र तुम्हाला रागावत नसतं. "इथे एक दोर सुटा राहिलाय" एवढंच ते सांगत असतं.

पुढच्या आठवड्यात पाहू: संगणकाला 'क' आणि 'क्ष' यांतलं आधी कोण, हे कसं कळतं? तोवर दोन्ही प्रयोग करून ठेवा!